जुन्या काट्याचा आकडा

आमच्या भांडुपच्या घरात त्या वर्षी कोणाला आत घ्यायचं ते मी ठरवायचे. बाबांना रक्ताचा कॅन्सर होता. त्यांच्या सलाइनमधून जे औषध जायचं ते रोगाबरोबर अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीही मारायचं. लसीचे दोन डोस होऊनही त्यांचा अँटिबॉडीचा आकडा शून्याच्या आसपास. म्हणजे घरात कोरोना आला तर बाबा गेले, इतका साधा हिशोब. आई आधीच गेलेली. उरलो बाप-लेक, आणि माझी जीभ.

मी मुलुंडच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. दिवसभर लोकांचे स्वॅब आणि रक्त. म्हणून घरासाठी मी एक नियम काढला होता. ज्याला यायचंय त्याने आधी माझ्याकडे रक्त द्यायचं. अँटिबॉडीचा आकडा दणदणीत असेल तर आत, नसेल तर जिन्यातूनच टाटा. शेजारच्या काकूंना त्यांच्या खिरीच्या पातेल्यासकट परत पाठवलं. नाहूरची आत्या, बाबांची सख्खी बहीण, तिला दोनदा दारातून फिरवलं. पोरगी शिकली आणि शिंगं फुटली, असं ती सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटली. म्हटलं, फुटू देत.

आकड्यावरून कोणी सुरक्षित ठरत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात छापलेलंच असतं, आणि ते रिपोर्ट मीच काढत होते. पण भीती वाटते तेव्हा माणसाला काहीतरी धरायला लागतं ना, मी तो आकडा धरला.

सगळ्यात मोठा आकडा माझाच होता. दुसऱ्या लाटेत आजारी पडून उठले होते, वर दोन डोस. बोरिवलीला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचंही तेच. म्हणून डिसेंबरअखेर बाबांच्या सलाइननंतर मीच तिला बोलावून घेतलं. ती आली आणि घराला जरा घरपण आलं. बाबांच्या तोंडाची चव गेली होती. ती दुधात भाकरी कुस्करून त्यांना घासघास भरवायची, आणि ते तिच्या हातचं खायचे. माझ्या हातचं ढकलून द्यायचे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

पाचव्या दिवशी सकाळी लॅबच्या मशीनवर काहीतरी विचित्र दिसलं. आमचं किट विषाणूला तीन ठिकाणी शोधायचं, त्यातलं एक ठिकाण त्याच्या अंगावरच्या काट्याचं, ज्याला स्पाइक म्हणतात. पॉझिटिव्ह असेल तर स्क्रीनवर तीन रेघा वर चढायच्या. त्या दिवशी दोनच चढल्या, काट्याची आडवीच पडून राहिली. एकाच सॅम्पलमध्ये झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण एकामागून एक तसेच निघायला लागले. सर म्हणाले, किट खराब झालंय, नवा बॉक्स उघड. नव्या बॉक्सनेही तेच. किट तपासायला ठेवलेल्या जुन्या पॉझिटिव्ह नमुन्यात मात्र तिन्ही रेघा झकास वर.

किट चांगलं होतं, विषाणूचा काटाच बदलला होता. अँटिबॉडी विषाणूला धरते ती त्या काट्यालाच. काट्याची घडण ठिकठिकाणी बदलली की तिची पकड बसत नाही, मग रक्तात ती ढीगभर असेना का. मी मोजलेले आकडे खरे होते, पण ते सगळे जुन्या काट्याचे. म्हणजे माझ्या पासवर आत आलेली ताई बाबांच्या उशाशी बसून त्यांना भरवत होती.

फोन लावला. ताईचा आवाज बसलेला. सकाळपासून घसा जरा धरलाय, म्हणाली. माझं डोकं फिरलं.

"आत्ताच्या आत्ता घराबाहेर हो. बाबांना काही झालं ना, तर तू मारलंस म्हणेन मी."

मी रिक्षाने घरी पोचले तेव्हा ती पिशवी घेऊन जिन्यात बसली होती. मी न बोलता तिचा स्वॅब घेतला आणि परत फिरले. लॅबमध्ये सर म्हणाले, तू पण त्याच घरात राहतेस, तुझाही दे. कटकट नको म्हणून दिला.

संध्याकाळी रेघा आल्या. ताईच्या तिन्ही आडव्या, म्हणजे निगेटिव्ह. खाली माझं सॅम्पल. दोन रेघा वर, काट्याची आडवी. मी पुन्हा लावून बघितलं. तेच.

तीन दिवस मला शिंका येत होत्या. रस्त्याच्या खोदकामाची धूळ, म्हणून मी सोडून दिलं होतं. रोज लॅबमधून येऊन बाबांचे पाय चेपत होते, मास्क हनुवटीला. सगळ्या जगाला तपासलं, स्वतःला नाही. माझा आकडा मोठा होता ना.

ताई अजून जिन्यातच होती. फोनवर सांगितलं, "ताई, तुला नाहीये, मला झालाय. तू आत जा. मास्क काढू नकोस. मी येत नाही."

ती म्हणाली, "तू जेवलीस का?"

मला कोविड सेंटरमध्ये हलवलं. तिसऱ्या दिवशी बाबांना ताप भरला, सहाव्या दिवशी ते हॉस्पिटलमध्ये वारले. मला शेवटचं दिसलेसुद्धा नाहीत. सगळं ताईने केलं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घरात मोजकीच माणसं होती. वंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि आत्या ताईकडे बघून सगळ्यांसमोर म्हणाली, "इतका जपून ठेवलेला माणूस. बाहेरचं माणूस घरात घेतलं आणि घात झाला."

ताईच्या हातात वाढायचं भांडं होतं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी, दारातून माणसं हाकलणारी, एवढी तोंडाळ बाई, नुसती भिंतीला टेकून उभी राहिले. ताई पुढे सरकली आणि आत्याला भात वाढला.

त्यानंतर आत्याने ताईला एकाही कार्याला बोलावलेलं नाही. मला बोलावते, आणि मी जाते. ताईने आजवर ना आत्याला काही सांगितलं, ना मला विचारलं. लाज वाटते मला, पण समोर बसून बोलायची हिंमत अजून होत नाही, म्हणून लिहितेय. आत्या, बाबांना कोरोना मी दिला. ताईला झालाच नव्हता.