दोन आटे सैल

रविवारची दुपार. आमटी-भात अंगावर आलाय. जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीच्या फडक्यावर जयसिंग निकमची एअर रायफल पडलीय. मी खुर्चीतच मान टाकलीय आणि आत बायको, शैला, भांडी लावतेय, तो आवाज हळूहळू लांब जातोय.

रायफल जयाची, पण जया नाही. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला. आता ती त्याची मुलगी केतकी वापरते. जुना ट्रिगर झिजला, अडकत अडकत सुटायला लागला, म्हणून काल ती नवा घेऊन आली. साताऱ्यात हे काम येणारा मी एकटाच. काका, तेवढा बसवा आणि हलका करून द्या, म्हणाली. उद्या आमच्या रायफल क्लबची वार्षिक स्पर्धा आहे. क्लबच्या भिंतीवर एक बोर्ड आहे, त्यावर सगळ्यात वरचं नाव माझं: प्रताप ढाणे, सहाशेपैकी पाचशे सत्त्याऐंशी. एकोणीस वर्षं ते तिथं आहे. राज्यातली, देशातली सगळी पदकं जयानं नेली. हा बोर्ड तेवढा माझ्याकडे राहिला, कारण क्लबच्या स्पर्धेला तो नेमका बाहेरगावी असायचा. केतकी सरावात पाचशे शहाऐंशी मारते.

म्हणून सकाळी मी ट्रिगर बसवला, अगदी झकास बसवला, आणि वजनाचा स्क्रू घट्ट ठेवला. बोटानं किती जोर लावला की ट्रिगर सुटतो, त्याला आम्ही वजन म्हणतो. तिला सांगणार होतो की याहून हलका होत नाही. खोटं कशाला बोलू? मला त्या बोर्डावरून कुणी खाली उतरवलेलं नकोय. निकमांपैकी तर कुणीच नकोय.

डोळे मिटतात. भांडी थांबतात आणि कॅनव्हासची करकर ऐकू येते. नेमबाजीचं जाड जॅकेट घालून माणूस चालला की असा आवाज येतो. जया समोरची खुर्ची ओढून बसतो. त्या जाड पँटमध्ये गुडघा वाकत नाही, म्हणून पाय लांब सोडून बसतो. केस काळेभोर. माझं डोकं भादरल्यासारखं झालंय आणि हा मेल्यावरसुद्धा केस राखून आहे.

तो रायफल उचलत नाही. नुसतं ट्रिगरवर बोट ठेवतो.

"जड ठेवलायस."

मी म्हणतो, नवीन आहे, वापरून सैल होईल. टेबल लांब व्हायला लागतं. मीठ, लोणच्याची बरणी, पाण्याचा तांब्या सगळं मागं सरकतं, टेबल दहा मीटर लांब होतं आणि पलीकडच्या टोकाला पांढरा टार्गेटचा कागद लटकतो.

आता आम्ही पुण्यातल्या हॉलमध्ये आहोत. सत्त्याण्णव साल, राज्य स्पर्धा. तेव्हा क्लबकडे चांगली रायफल एकच. आधी मी मारायचो, मग तीच जया घ्यायचा. मध्ये वेळ नसायचा, त्यामुळे रिवाज असा होता की आपलं संपलं की पुढच्याचं वजन लावून मगच रायफल द्यायची. जयाला तो स्क्रू माझ्यापेक्षा दीड आटा सैल लागायचा. मी सगळ्यांना सांगत फिरायचो की त्याचा ट्रिगर लोण्यासारखा आहे, तसला मिळाला तर कुणीही मारेल.

मी त्याला रायफल देतो. आटा सोडलेला नाही. "लावलाय," म्हणतो.

तो खांद्याला लावतो. पहिलाच छर्रा दहाऐवजी आठावर जातो. माझ्या पोटात गुदगुल्या होतात. मग तो रायफल खाली घेतो, एकदा श्वास सोडतो आणि उरलेले एकोणसाठ असे मारतो की मागं बसलेले उठून उभे राहतात. सुवर्णपदक. माझ्या वजनावर. त्या दिवसानंतर लोण्यासारख्या ट्रिगरचं कारणही मला सांगता येईना.

हॉलमधली माणसं चहा मागतात आणि आम्ही एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये बसलेले असतो. त्याच्या अंगावर तेच जॅकेट, समोर बशी.

"तुला कळलं होतं?" मी विचारतो.

"पयल्याच छर्ऱ्याला. दाबतोय, दाबतोय, सुटंचना. म्हटलं, परतापनं आटा सोडला न्हाई."

"मग बोलला का नाहीस? पंचवीस वर्षं?"

तो बशीत फुंकर घालतो. "बोललो असतो तर तू रेंजवर यायचा बंद झाला असतास. मग मी कुणाला बघून मारलं असतं?"

मला गहिवरून यायला हवं. येत नाही. रागच येतो. माणसानं पदकं घ्यावीत, केस घ्यावेत, आणि वर मोठेपणासुद्धा आपणच घ्यावा? मी त्याला सांगून टाकतो की तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रेंजवर गेलो होतो. वाटलं होतं, आता मीच.

"किती मारलेस?"

"पाचशे साठ."

तो हसतो, पण हिणवून नाही. तेही मला लागतं. मग मी माझा हुकमाचा पत्ता काढतो. म्हणतो, काहीही असो, क्लबचा बोर्ड माझा आहे. तिथं तुझं नाव नाही.

"व्हय की," तो म्हणतो. "दरसाल स्पर्धेला मी कराडला मेव्हण्याकडं जायचो. कराडात काय होतं रं माझं?"

काहीच नव्हतं. मेव्हण्याशी त्याचं धड बोलणंसुद्धा नव्हतं. हे मला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ठाऊक होतं आणि मी त्याचा विचार करत नव्हतो, एवढंच. कँटीनच्या भिंतीवर आमचा बोर्ड टांगलेला दिसतो. माझं नाव त्यावर आहे, पण ते त्याच्या अक्षरात.

"आण तुझा हात," जया म्हणतो. त्याचा हात गरम आहे. बशीच्या जागी चादरीचं फडकं, फडक्यावर रायफल. "तिला दीड नको. पोरीचं बोट माझ्याहून हलकं हाय. दोन सोड."

"आणि माझं नाव?"

तो माझा हात किल्लीवर ठेवतो. माझी बोटं फिरत राहतात. एक. दोन.

टक्.

मी जागा होतो. मान आखडलीय. रायफल जागच्या जागी आहे. माझ्या मुठीत स्क्रूची छोटी किल्ली आहे, इतकी घट्ट धरलेली की तळव्यावर तिच्या सहा कडा उमटल्यात. ही किल्ली मी सकाळी पेटीत टाकून पेटी कपाटात ठेवली होती. शैला म्हणते, तुम्ही हललासुद्धा नाहीत, चांगले घोरत होता. मी ट्रिगरवर बोट टेकवतो. दाबावंसुद्धा लागत नाही, तो सुटतो.

केतकी यायला अजून तास आहे. किल्ली हातात आहे. दोन आटे परत आवळायला किती वेळ लागतो? मी स्क्रूवर किल्ली लावतोही. मग काढतो. कराडला बसून कुणीतरी मला राखून दिलेला बोर्ड मी आता कुणापासून राखू?

पाच वाजता ती येते. रायफल खांद्याला लावते, छर्रा न भरता मोकळाच एक दाबते, आणि बराच वेळ खाली घेत नाही.

"काका, हा कुणी लावला?"

"मी," मी सांगतो.

जयाचं नाव घेत नाही. एवढं तरी माझ्याकडे राहू दे.