कुलूप आणि सहा सेकंद

त्याला सगळे कुलूप म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव जन्मदाखल्यावर होतं आणि बिचारं तिथेच राहिलं. साबणाच्या कारखान्याच्या संघाचा गोल त्याने बावीस वर्षं सांभाळला, देशाकडून अकरा सामने खेळला, आणि एके काळी कारखान्याने चक्क त्याचा फोटो वडीच्या वेष्टनावर छापला. ती वडी घरात आणायला बायकोने साफ नकार दिला. "नवऱ्याचं तोंड फाडून कचऱ्यात टाकायचं, हे मला जमणार नाही," ती म्हणाली. "निदान दर आठवड्याला तरी नाही."

गोलकीपर तो झाला तोही साबणामुळेच. अठराव्या वर्षी तो कारखान्यात वड्या कापायच्या यंत्रापाशी कामाला लागला. ताज्या, ओलसर वड्या पट्ट्यावरून सुसाट घसरत यायच्या. दहातल्या चार खाली पडायच्या आणि पडलेल्या वड्यांवरून कामगार पडायचे. हा आला त्या दिवसापासून वडीही पडेना आणि कामगारही पडेना. मॅनेजरला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ओला साबण ज्याच्या हातून निसटत नाही त्याच्या हातून कोरडा चेंडू कुठे जाणार, एवढा हिशेब त्याला जमला. त्याच संध्याकाळी कुलूप गोलात उभा राहिला. मॅनेजरचं आयुष्यातलं हे एकच अनुमान बरोबर निघालं आणि ते त्याने निवृत्त होईपर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ती फायनल आली, आणि फायनलला रेफरी म्हणून आले निरीक्षकसाहेब.

हे गृहस्थ एरवी वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे. बायकोने वाढलेल्या जेवणालाही ते "साधारण पुरे" असं कधी म्हणाले नाहीत, कारण साधारण हा शब्दच त्यांना मान्य नव्हता. आता फुटबॉलचा एक नियम असा की, गोलकीपरने चेंडू हातात धरला तर सहा सेकंदांच्या आत सोडायचा. जगातले सगळे रेफरी या नियमाकडे काणाडोळा करतात. निरीक्षकसाहेबांनी आयुष्यात कशाकडेच काणाडोळा केला नव्हता.

शेवटचं मिनिट. शून्य-शून्य. सामना असाच संपला असता तर पेनल्टी, आणि पेनल्टीत कुलपाला हरवणारा अजून जन्मायचा होता. तेव्हा त्याने आलेला चेंडू छातीशी कवटाळला आणि वेळ काढायला लागला. आभाळ बघितलं, बूट बघितले, प्रेक्षकांत बायकोच्या मांडीवर बसलेल्या तीन वर्षांच्या मुलीला मान हलवून दाखवली. शिट्टी वाजली. प्रतिस्पर्ध्यांना गोलाच्या अगदी तोंडाशी फ्री किक मिळाली, गोल झाला, कप गेला. साहेबांनी वहीत लिहिलं: सहा पूर्णांक चार.

गावाने कुलपाला असं काही फैलावर घेतलं की महिनाभर त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. संघाचा प्रशिक्षक तर त्याच्या हात धुऊन मागे लागला. रोज सकाळ-संध्याकाळ दोनशे वेळा चेंडू छातीशी धरायचा, मोठ्याने मोजायचं आणि सहाला भिरकावून द्यायचा. वर्षभर हे चाललं आणि ते मोजणं त्याच्या हाडीमाशी खिळलं. गंमत म्हणजे खरी कीर्ती त्यानंतरची. हा चेंडू इतक्या झटकन आणि इतक्या लांब फेकायचा की समोरचा संघ मागे वळेपर्यंत पलीकडे गोल झालेला असायचा. अकराही सामने तेव्हाचेच.

पण घरात कुठे मैदान होतं? एका हातात धरलेल्या वस्तूला धोका नव्हता, चहाचा कप तो तासभर धरायचा. मात्र दोन्ही हातांनी छातीशी काही धरलं की डोक्यात मोजणी सुरू, आणि सहाला वस्तू हवेत. नवा मिक्सर खोक्यासकट जिन्यावरून गेला. भोपळा खिडकीतून समोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन पडला. सत्कारात त्याने प्रमुख पाहुण्यांना प्रेमाने मिठी मारली, आणि पाहुणे पहिल्या रांगेतल्या फोटोग्राफरच्या अंगावर जाऊन आदळले. बायको सगळ्यांना एकच सांगायची, "जित्याची खोड आहे हो, आता ती मेल्याशिवाय जायची नाही."

लोक हसायचे, तोही हसायचा. एका गोष्टीला मात्र कोणी हसत नव्हतं. फायनलनंतर त्याने, एक वेळ सोडली तर, मुलीला कधी जवळ घेतलं नाही. ती चार वर्षांची असताना एकदा उचलली होती, ती थेट गाद्यांच्या ढिगावर जाऊन पडली. तिला फार मजा वाटली आणि ती "पुन्हा, पुन्हा" म्हणत राहिली. तो मात्र मोरीत जाऊन रडला. त्यानंतर मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायचा तोही एकच, दुसरा खिशात.

आता ती मुलगी नवऱ्याबरोबर, चार महिन्यांच्या लेकीला घेऊन महिनाभर राहायला आली होती. पहिल्याच दिवशी नियम ठरला: आजोबांनी बघायचं, हात पाठीमागे. तो पाळण्याभोवती हात मागे बांधून अशा फेऱ्या घालायचा की जावयाला वाटायचं, सासरे घराची तपासणी करताहेत.

नात त्याच्याकडे बघून बोळकं पसरून हसायची. मग याचा जीव तीळतीळ तुटायचा. त्याला या वयात दुसरं काही नको होतं. एकदा तिला छातीशी धरायची होती, आणि धरून ठेवायची होती.

त्याने सराव सुरू केला. नातीच्या वजनाएवढा साबणाच्या पावडरचा पुडा घेऊन तो सोफ्यावर बसायचा. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि पुडा भिंतीवर. चौथ्या पुड्यानंतर बायकोने केरसुणी त्याच्या हातात दिली.

"भिंत धुऊन निघाली, पण तुम्ही काही सुधारला नाहीत," ती म्हणाली. "ज्याने ही भुणभुण तुमच्या मागे लावली, त्यालाच जाऊन सांगा ना."

निरीक्षकसाहेब दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. सव्वीस वर्षांत दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नव्हतं, समोरासमोर आले की एक जण फूटपाथ बदलायचा. त्या संध्याकाळी कुलपाने त्यांची बेल वाजवली. साहेबांनी दार उघडलं आणि आधी घड्याळाकडे बघितलं.

"तुम्ही त्या दिवशी शिट्टी मारलीत," कुलूप उंबऱ्यावरूनच म्हणाला, "ती माझ्या डोक्यात अजून वाजतेय. मला नातीला घ्यायचंय. ती थांबवा."

"सहा पूर्णांक चार होते," साहेब म्हणाले.

"सहाच होते."

"पूर्णांक चार. वही दाखवू का?"

"वही घाला चुलीत. मी भांडायला आलो नाही. मी तुमच्या पाया पडायला आलोय, तुम्हाला कळत कसं नाही?"

साहेबांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्या दहाला येतो. दहा म्हणजे दहा."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये घरातल्या सगळ्या गाद्या, उशा, रजया अंथरल्या होत्या. बायको डावीकडे पदर खोचून, जावई उजवीकडे गुडघे वाकवून आणि मुलगी बरोबर समोर, दोन्ही हात पसरून. मध्ये खुर्चीत कुलूप, कपाळावर घाम. कप हरलेल्या दिवशीही त्याचा चेहरा इतका पडला नव्हता. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या स्टुलावर बसले, मांडीवर नियमांचं जुनं पुस्तक.

"बाबा, नक्की ना?" मुलीने विचारलं.

"नाही," तो खरं तेच बोलला. "पण दे."

तिने बाळ त्याच्या छातीशी ठेवलं. त्याचे दोन्ही हात आपोआप मिटले आणि ओठ हलायला लागले. एक. दोन. जावई आणखी वाकला. तीन. बाळाने वर बघितलं. चार. कुलपाच्या दंडांत जुनी ओढ भरून आली, खांदे मागे गेले. मुलगी अर्धं पाऊल पुढे आली. पाच.

बाळाने हात वर केला आणि आजोबांची मिशी मुठीत धरली, चांगली घट्ट.

"थांबा," निरीक्षकसाहेब म्हणाले.

कुलूप थांबला. सगळेच थांबले.

साहेबांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि सावकाश सांगितलं, "सेकंद मोजायचे ते गोलकीपरचा चेंडूवर ताबा असेल तर. इथे तुमचा तिच्यावर ताबा दिसत नाही. मिशी तिच्या हातात आहे. ताबा पूर्णपणे तिच्याकडे आहे. तेव्हा नियमाप्रमाणे मोजणी सुरूच होत नाही."

"सुरूच होत नाही?" कुलपाने विचारलं.

"मी शिट्टी मारणार नाही," साहेब म्हणाले. "आज नाही, पुढेही नाही."

त्याचे खांदे हळूहळू खाली आले. मिशी ओढली जात होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते काही मिशीमुळे नव्हतं. दहा सेकंद झाले असतील, मग मिनिट झालं. जावई वाकून वाकून अवघडला आणि शेवटी रजईवर बसला. बायकोने खोचलेला पदर सोडून डोळे टिपले आणि साहेबांना चहा विचारला. साहेब म्हणाले, "अर्धा कप." मग थोडं थांबून म्हणाले, "साधारण."

तासाभराने बाळ त्याच्या छातीवर झोपून गेलं, मिशी मुठीत तशीच. बायको म्हणाली, "अहो, द्या आता इकडे, हात भरून आले असतील."

"मोजणी सुरू झालेली नाही," तो कुजबुजला.

मुलगी तोवर समोर उभीच होती, हात पसरून. ते हात तिने खाली घेतले. गाद्या तुडवत ती त्याच्या खुर्चीपाशी आली, शेजारी खाली बसली आणि तिने त्याच्या कुशीत डोकं खुपसलं.

"बाबा," ती म्हणाली, "आज माझंही मोजू नका."