करवंदीची जाळी

वीर स्टेशनबाहेर करवंदं घेतली आणि मोठ्या शहाणपणाने पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकली. खिसा जांभळा झाला, आणि त्या आंबटगोड वासाने मला थेट कापडे गावातल्या आमच्या घरामागे नेऊन सोडलं.

आईने तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात फेकलेली आंब्याची कोय तिथल्या करवंदीच्या जाळीत रुजली होती. काट्यांमुळे शेळ्या आत तोंड घालत नसत. आबा रोज वाकून रोप बघायचे.

मुंबईहून आलेल्या चुलतभावाने गाडी लावायला ती जाळीच तोडली. "काका, जागा कशी मोकळी झाली!"

तोवर रोपाचा शेंडा शेळीच्या तोंडात होता.

"झाली रे," आबा म्हणाले, "शेळ्यांना पण वाट झाली."

आबांनी हसण्यावारी नेलं, असंच मी समजत आलो. आज तसं म्हणालो, तर बायको म्हणाली, "तुम्हाला कुठलं कळायला! त्या दिवसापासून मामंजींनी त्याला एकदाही 'जेवून जा' म्हटलं नाही."