तळाचा चमचा

मोघेकाका रोज सकाळी आमच्या मागच्या अंगणात येत आणि कुणाशी अक्षर न बोलता स्विमिंग पूलमध्ये दोरा बांधलेला स्टीलचा चमचा सोडत. तळाशी गेलेला चमचा काठावरून स्वच्छ दिसला की मगच त्यांचं तोंड उघडे. मग दोन नळ्यांत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे, नळ्या आभाळासमोर धरून एक डोळा मिटून रंग बघायचे. क्लोरीनसाठी पिवळा, आंबटपणासाठी तांबडा.

काका आमचे शेजारी, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. नानाखेड्यातल्या आमच्या घरी नवऱ्याने हौसेने पूल बांधला आणि काकांनी कुणी न सांगताच त्याचा ताबा घेतला. पोरांनी घाई केली की म्हणत, "पाणी काय भागून चाललंय? चमचा नहीं दिखा तो कोई नहीं उतरेगा!" मला त्यांचा जाम वैताग यायचा.

माझ्या लेकीच्या, सईच्या, सहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी पूलची पूजा केली. क्षिप्रा नदीचं तांब्याभर पाणी, पातेलंभर दूध, वर ओंजळी भरभरून फुलं. वाढदिवसाच्या सकाळी पाणी ताकासारखं गढूळ. चमचा दिसेना. नळीतला पिवळा रंगही गायब.

"सूनबाई, दुधाने सगळं क्लोरीन खाल्लं. आज कोणी उतरायचं नाही," काका म्हणाले.

"काका, पूजेच्या पाण्याने काय होतंय? मुलं येणार आहेत हो!" मी हसले. ते हसले नाहीत. क्लोरीनची पावडर आणायला घरी गेले. मी स्वयंपाकघरात वळले, अंगणाचं दार उघडंच टाकून.

काका परतले तेव्हा काठावर सईच्या चपला होत्या.

त्यांची हाक ऐकून मी धावले. "सई कुठाय?" मी चपलांकडे बघितलं. सईला पोहता येत नव्हतं, आणि त्या पांढऱ्या पाण्यात हातभर खालचंही दिसत नव्हतं. सत्तरीचे काका चष्म्यासकट पाण्यात उतरले. खाली जात, वर येत, पुन्हा जात. मी काठावर नुसती किंचाळत होते.

"आई, काय झालं?" गच्चीवरून सईने विचारलं. ती फुगे बांधत होती, अनवाणी.

काका बाहेर आले. ओलेतेच पायरीवर बसले. ते रागावतील असं मला वाटलं होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी तिला शोधत होतो ना, तेव्हा देवाला एकच म्हणत होतो, हाथ को कुछ ना लगे."

गेल्या वर्षी काका गेले. नळ्यांची पेटी आणि चमचा माझ्याकडे आहे. सई आता बारा वर्षांची, उत्तम पोहते, मला भित्री म्हणते. आहेच मी भित्री. रोज सकाळी चमचा सोडते. दिसला नाही, तर आधी सई घरात कुठे आहे ते बघून येते, मग क्लोरीन.