काळ्या गाडीवरचा उजेड

वहिनी काही जन्मापासून साऱ्या जगाच्या वहिनी नव्हत्या. नवरा नाटकाच्या थिएटरात दिव्यांचा कारभार बघायचा, त्याला सगळे मास्तर म्हणायचे, आणि मास्तरांची बायको म्हणून त्या आपोआप सगळ्यांच्या वहिनी झाल्या. नट, सुतार, मेकअपवाले तर सोडाच, तिकीटखिडकीवरचे वडिलांच्या वयाचे गृहस्थसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायचे. 

लग्नानंतर त्या मास्तरांचा डबा घेऊन जायच्या. डबा देऊन घरी परतायचं, एवढंच काम. पण त्या परतायच्याच नाहीत. प्रेक्षकांच्या डोक्यावर, मागच्या भिंतीला चिकटलेली दिव्यांची अरुंद खोली होती. तिथे मास्तर डिमरच्या दांड्या वरखाली करायचे आणि समोर रंगमंचावर सकाळ व्हायची, दुपार तापायची, एखाद्याच्या घरावर संध्याकाळ उतरायची. वहिनी आधी नुसत्या बघत बसल्या. मग वायरी गुंडाळायला लागल्या, मग शिडीवर चढायला लागल्या. आणि पुढे पुढे तर मास्तर चहा प्यायला बाहेर गेलेले असले तरी रंगमंचावरची संध्याकाळ वेळेवर व्हायची.

मग एकाच वर्षात दोन घाव बसले. थिएटरची जागा विकली गेली, आणि पाठोपाठ मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा परत आली, काठी टेकत चालणंही जमलं, पण उजवा हात मांडीवर कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडून राहू लागला. मास्तरांनी दिव्यांचा विषयच टाकला. खोलीतला बल्ब गेला तर ‘बदल’ म्हणून सांगायचे नाहीत, तसेच अंधारात बसून राहायचे. वहिनींनी मात्र पदर खोचला. चष्म्याच्या दुकानाची काच, एका फोटोग्राफरची बसायची खोली, असली दिव्यांची किरकोळ कामं त्या धरत राहिल्या. घर चालत होतं. घरातली बोलणी मात्र भाजी आणि औषधं यापलीकडे जात नव्हती.

अशात एके दिवशी एक आर्किटेक्ट पत्ता शोधत दारात आला. विद्यार्थी असताना तो सगळ्यात मागच्या, सगळ्यात स्वस्त रांगेत बसून नाटकं बघायचा.

“वहिनी, त्या नाटकात शेवटी वडिलांची रिकामी खुर्ची राहते आणि तिच्यावरचा उजेड हळूहळू जातो, आठवतं? तो उजेड कुणी घालवला होता? मास्तरांनी की तुम्ही?”

वहिनींनी आतल्या खोलीकडे बघितलं. दार अर्धं उघडं होतं. “बरेचदा तेच असायचे,” त्या म्हणाल्या. आणि मग, खोटं बोलवेना म्हणून, “कधी कधी मी.”

आर्किटेक्टकडे महागड्या गाड्यांच्या शोरूमचं काम होतं. गाड्या बनवणाऱ्या कंपनीने दिव्यांचा एक तयार नकाशा पाठवला होता, पण शोरूमच्या मालकीणबाईंना तो पसंत नव्हता. विमानतळावर उभं राहिल्यासारखं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं, आणि आर्किटेक्टला ती खुर्ची आठवली होती.

तो गेल्यावर आतून आवाज आला. “जन्मभर माणसांवर उजेड टाकला. आता लोखंडावर टाकणार का?”

“लोखंड निदान संवाद तरी विसरत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“जा तर मग. पाड मोठा उजेड.”

टोमणा लागायचा तिथे लागला. पण कितीतरी दिवसांनी मास्तर भाजी आणि औषधं सोडून काहीतरी बोलले होते. वहिनींनी तेवढंच पदरात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूम गाठलं.

शोरूम म्हणजे अजून नुसता सांगाडा होता. रस्त्याच्या बाजूच्या, जमिनीपासून छतापर्यंतच्या काचा आतून खाकी कागदाने झाकल्या होत्या, त्यामुळे भर सकाळीही आत संध्याकाळ. मालकीणबाई रंगाच्या उलट्या डब्यावर बसून पोळीभाजी खात होत्या. त्यांच्या वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, त्या तिथेच ग्रीसमध्ये हात बुडवत वाढलेल्या. बोलणं एक घाव दोन तुकडे.

“मला दिव्यांतलं काही कळत नाही, वहिनी. मला एवढंच पाहिजे, की माणूस आत आला की त्याचा आवाज आपोआप खाली यावा. जमेल?”

“जमवू,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी जे येत होतं ते केलं. नटाला उजळतात तसं गाडीला उजळायचं ठरवलं. समोरून दोन्ही बाजूंनी दिवे, वरून दिवे, अंगाची कड उठून दिसावी म्हणून मागून दिवे. मग हट्ट धरून एक खरी गाडी मागवली. काळीभोर, लांबलचक गाडी. ड्रायव्हरने बूट बाहेर काढून, नुसत्या मोज्यांवर ती आत आणली. सगळे जमले. वहिनींनी बटण दाबलं.

गाडीभर ठिपके उठले. बॉनेटवर ठिपके, दारांवर ठिपके, टपावर तर रांगच. जेवढे दिवे तेवढे ठिपके, आणि त्यांच्या मागे गाडी कुठे होती ते शोधावं लागत होतं.

मालकीणबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. “वहिनी, हिला कांजिण्या आल्यात.”

सुतार हसला. वहिनीही हसल्या, पण कान गरम झाले. दिवसभर त्यांनी शिडी इकडून तिकडे हलवली. दिवे वर घेतले, खाली घेतले, वाकडे केले. ठिपके गेले नाहीत, नुसते सरकले. शेवटी मालकीणबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “तुमच्यावर माझा राग नाही. पण पुढच्या आठवड्यात कंपनीची माणसं येतायत. तोपर्यंत नाही जमलं तर मी त्यांचाच नकाशा लावून टाकते.”

घरी आल्यावर वहिनी तडक ओट्याशी गेल्या. मास्तर रोजच्यासारखं ‘उशीर झाला’ असंही म्हणाले नाहीत. वहिनींचं तोंड बघूनच त्यांना काय ते समजलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ओट्याशी भांडी घासत होत्या. एक स्टीलचं ताट विसळून त्यांनी निथळायला तिरकं धरलं आणि तशाच थांबल्या. ओट्यासमोरच्या खिडकीला साधा पांढरा पडदा होता. तो अख्खा पडदा ताटात उतरला होता. कुठे ठिपका नाही, चटका नाही, नुसता शांत पांढरा उजेड, आणि पडदा जिथे संपत होता तिथे एक स्वच्छ रेघ. त्यांनी ताट जरासं फिरवलं. रेघ ताटाच्या काठावरून अशी सरकत गेली, की त्या काठाची गोलाई पहिल्यांदाच नीट दिसली.

“नळ बंद कर!” आतून मास्तर ओरडले. “पाणी चाललंय सगळं!”

वहिनींना ऐकूच गेलं नाही. माणसाचा चेहरा उजेड पिऊन टाकतो, म्हणून दिवा चेहऱ्यावर मारायचा. ही काळी बया एक थेंब पीत नाही, समोर जे असेल ते जसंच्या तसं दाखवते. तिला दिवे दाखवले, तिने दिवे दाखवले. तिचा काय दोष? तिच्यावर दिवा मारायचाच नव्हता. तिला बघायला काहीतरी चांगलं द्यायचं होतं.

हात पुसत त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाटावर पांघरुणांच्या खाली थिएटरातला मोठा पांढरा पडदा घडी करून ठेवला होता. नाटकात आभाळ करायचं असलं की मागे तो लावायचे. थिएटर बंद झालं तेव्हा मास्तरांनी तो टेम्पोत घालून घरी आणला होता आणि तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

“तो पडदा मला पाहिजे.”

“कशाला?”

“गाडीच्या डोक्यावर आभाळ करायचंय.”

मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. नको म्हणतील, असं वहिनींना वाटलं. मग ते म्हणाले, “मधली शिवण कच्ची आहे. ताणताना तिथे जोर देऊ नकोस.”

“मग तुम्हीच या सांगायला.”

“काठी टेकत? लोकांसमोर?”

“लोक कुठेत? गाडी आहे. ती काही चारचौघांत सांगत फिरत नाही.”

मास्तर आले नाहीत. पण पडदा काढताना त्यांनी डाव्या हाताने एक टोक धरलं, आणि वहिनी दाराबाहेर पडेपर्यंत ‘कोपरे आधी बांध, मध्य मागून’ हे तीनदा सांगितलं.

शोरूममध्ये पडदा बांधायला अख्खी सकाळ गेली. त्याच्या काठाला लोखंडी कड्या होत्या. त्या बघून मालकीणबाईंचा चेहरा उतरला. “वहिनी, यातली एक जरी गाडीवर पडली ना, तर कंपनी मला आणि तुम्हाला इथेच फरशीखाली पुरेल.” मग आर्किटेक्ट आणि सुतार दोघांनी मिळून सगळ्या कड्या सोडवल्या आणि कापडी नाड्या बांधल्या. पडदा गाडीच्या वर, छताखाली आडवा ताणला गेला. दिवे त्याच्या वर गेले, सगळे पडद्याकडे तोंड करून. एका बाजूची कड वहिनींनी मुद्दाम अंधारात ठेवली, म्हणजे ताटातल्यासारखी स्वच्छ रेघ उमटेल.

मग त्यांनी डिमर हळूहळू वर घेतला.

आधी नुसतं उजाडल्यासारखं झालं. मग बॉनेटच्या टोकाशी उजेडाची एक रेघ उमटली, समोरच्या काचेच्या बाजूने वर चढली, टपावरून वाकली आणि मागच्या दिव्यापर्यंत एका दमात उतरली. तिच्या खाली काळा रंग विहिरीतल्या पाण्यासारखा खोल दिसत होता. गाडी जागची हलली नव्हती, पण आत्ताच कुठूनतरी येऊन थांबल्यासारखी वाटत होती.

सुताराची करवत थांबली. आर्किटेक्टने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मालकीणबाई वहिनींच्या कानाशी येऊन कुजबुजल्या, “हेच.” आपण कुजबुजतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

वहिनींचा जीव भांड्यात पडला. 

कंपनीच्या माणसांनी बऱ्याच शंका काढल्या, फोटो काढले, फोन केले आणि शेवटी होकार दिला. जुन्या पडद्याच्या जागी पक्कं ताणलेलं कापडी छत आलं, एकेका गाडीच्या वर एकेक. जमीन चकाचक झाली, टेबलं आली, विक्रीसाठी नेमलेल्या मुली आल्या. उद्‌घाटन तोंडावर आलं आणि मालकीणबाई स्वतः गाडी घेऊन वहिनींच्या दारात उभ्या राहिल्या.

“मास्तर, तुमचा पडदा परत द्यायचाय. पण तो घ्यायला तुम्हीच यायचं, अशी माझी अट आहे.”

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी भलतीकडेच बघत होत्या. शेवटी मास्तरांनी शर्ट बदलला.

शोरूममध्ये शिरल्यावर ते काठी टेकत काळ्या गाडीभोवती फिरले. थांबले, वाकले, परत फिरले. वहिनी त्यांच्या मागे मागे फिरत होत्या. पहिल्यांदा एकटीने नाटक उजळलं होतं तेव्हाही त्या इतक्या धास्तावल्या नव्हत्या.

“छताची ही कड थोडी खाली घेतली तर?” मास्तर म्हणाले.

“घेऊन बघितली. दार फुगल्यासारखं दिसतं.”

मास्तरांनी डोळे बारीक केले. “हं. मग आहे तेच बरोबर.” थोड्या वेळाने म्हणाले, “चांगलं झालंय गं. मला नसतं सुचलं.”

वहिनींनी मान फिरवली. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना कुणाला दाखवायचं नव्हतं. तोवर मास्तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. टेबलापलीकडे विक्रीची एक मुलगी बसली होती. मास्तर तिच्याकडे टक लावून बघायला लागले.

“पोरी, बरं नाही का तुला?”

“नाही हो, ठणठणीत आहे,” ती बावरली.

“अगं, इकडे ये,” त्यांनी वहिनींना हाक मारली. “इथे बस आणि हिच्या तोंडाकडे बघ. गाडी झकास, आणि माणूस महिनाभराच्या आजारातून उठलेलं. हिच्याकडून मी सायकलसुद्धा घेणार नाही.”

वहिनी बसल्या आणि चटकन उठल्या. खरंच होतं. सगळा उजेड वर, गाड्यांसाठी. टेबलांवर त्याचं उरलंसुरलं निळसर काहीतरी पडत होतं, आणि मुलीच्या डोळ्यांखाली खड्डे दिसत होते. आपण गाडीच्या इतक्या मागे लागलो, की माणसांकडे बघायचंच राहिलं, हे त्यांना लागलं. पण रुसायला वेळ नव्हता. आर्किटेक्टने टेबलावर फिकट रंगाचा कागद पसरला, वहिनींनी बुटक्या शेडचा पिवळसर दिवा आणून ठेवला. त्याचा उजेड कागदावर पडून खालून चेहऱ्यावर हलकेच यायला लागला. डिमर मास्तरांच्या डाव्या हाताशी होता.

“बघत काय बसलात?” वहिनी म्हणाल्या. “घ्या की वर.”

मास्तरांनी बोट ठेवलं. थोडं वर. अजून थोडं. किंचित खाली. मुलीच्या गालांवर रंग आला.

“माझ्याकडे असं बघू नका हो, लाज वाटते,” ती म्हणाली, आणि मास्तर हसले. घरातसुद्धा कित्येक महिन्यांत ऐकू न आलेलं ते हसू ऐकून वहिनी टेबलापाशीच थबकल्या.

शोरूम थाटात सुरू झालं. आता तिथे माणसं खरंच हळू बोलतात. काहीजण तर गाडी न घेता नुसतेच हिंडून जातात, आणि मालकीणबाई त्यांनाही खुर्ची देतात. मास्तरांची गाडीही रुळावर आली. सगळं एकदम सरळ झालं असं नाही. उजवा हात अजून रुसलेलाच आहे, आणि चार दिवस बरे गेले की एखादा दिवस ते कुणाशी बोलत नाहीत. पण आर्किटेक्टने पाठोपाठ एका वाचनालयाचं काम आणलं, आणि त्या कामावर दोघं मिळून गेले. शिडीवर वहिनी, खाली खुर्चीत मास्तर. दोघं इतकं भांडले, की वाचनालयाच्या बाईंनी येऊन ‘इथे शांतता पाळतात’ म्हणून सांगितलं.

हल्ली मास्तर हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात जातात. आधी जायचेच नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांना पलंगावर उताणं झोपवलं, आणि वर नेमकी ट्यूबलाइट डोळ्यांत. मास्तरांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंचं डोकं खाल्लं. इथे सगळे पेशंट दिवसभर छताकडे बघत पडलेले असतात आणि तुम्ही त्यांच्या डोळ्यांत सुया टोचता, असं आणि तसं. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, “मग तुम्हीच करून द्या ना बदल.”

आता वहिनी माप घ्यायची टेप घेऊन त्यांच्याबरोबर जातात. परवा डॉक्टरीणबाई मास्तरांचा उजवा हात धरून विचारत होत्या, “हं, मास्तर, बोटं हलतायत का बघू?”

“हलतील, हलतील,” मास्तर छताकडे बघत म्हणाले. “आधी तो दिवा हलवू द्या. अगं, टेप धर इकडे!”