तळाची फळी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायको शेजारी बसून शेंगा सोलत असते, मी लाकूड तासत असतो, आणि कितीदा तरी सांगायला म्हणून तोंड उघडतो — आणि 'चहा टाक' एवढंच म्हणतो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. बघू.

मी मूळचा कराडकडचा. तरुणपणी बोईसरला आलो, केमिकलच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि तिथेच निवृत्त झालो. पाइप, व्हॉल्व्ह, गळती — हेच आयुष्य. कुठे थेंब पाझरतोय ते मला नुसत्या बोटाने कळायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निवृत्तीनंतर रिकामे हात खायला उठले. मोबाइलवर लोक लाकडाची छोटी जहाजं करताना दिसली, म्हणून मीही सगळं सामान मागवलं. तीन डोलकाठ्यांचं परदेशी जहाज! काठ्या तिरक्या झाल्या, दोऱ्यांचा गुंता झाला. बायको म्हणाली, "आता यावर कपडे तेवढे वाळत घाला." बाजारात मासे घेताना हे मी हसत हसत जागृतीला सांगितलं. जागृती सातपाटीची, रोज टोपली घेऊन बोईसरला यायची. ती म्हणाली, "काका, ते परक्याचं जहाज कशाला करता? आमच्याकडे या. सासरे शिकवतील. त्यांना पण कायतरी पायजेच हाय."

त्यांना काय पाहिजे होतं, ते मला गेल्यावर कळलं. तिचा नवरा नितेश आदल्या हंगामात समुद्रात गेला होता. वाऱ्यात होडी उलटली, बरोबरचे खलाशी दुसऱ्या बोटीने उचलले, नितेश सापडला नाही. प्रेतही नाही. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. ते ओटीवर खाडीकडे तोंड करून बसलेले असायचे. जागृतीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. "मिळाला नाय म्हंजे गेला, असं कोन बोललं?" ती म्हणायची. कुणा ट्रॉलरने उचलला असेल, गुजरातेत असेल, सीमेपलीकडच्या तुरुंगात असेल. असं होतंच की या किनाऱ्यावर — माणसं वर्षांनी परत आलेली आहेत.

मी दर रविवारी जाऊ लागलो. नानांनी मला होडी करायला शिकवलं — नितेशच्या होडीसारखीच, हातभर लांबीची. आधी कणा, मग फासळ्या, मग गरम पाण्यात भिजवून वाकवलेल्या फळ्या. खिळ्यासाठी आधी बारीक भोक पाडायचं. सांध्यात तेलात बुडवलेली कापसाची वात ठासायची. होडी पाण्यात सरळ राहावी म्हणून तळाशी शिसं बसवायचं. नानांना मोतीबिंदू, त्यामुळे ते बोटांनी चाचपून बघत आणि माझ्या चुकांना खो खो हसत. कित्येक महिन्यांनी सासरे हसले, असं जागृती म्हणाली. खरं सांगू? त्या ओटीवर मला फार बरं वाटायचं.

मग तळाची फळी फुटली. कंटाळा करून मी भोक न पाडताच खिळा मारला आणि फळीला लांब चीर गेली. नाना म्हणाले, "ती काढा. दुसरी घाला. तळाशी तडजोड नाय करायची." मी म्हणालो, घरी जाऊन करतो. पण ती काढायची म्हणजे बाजूच्या चार फळ्याही उचकटायच्या — महिन्याचं काम वाया. मी चिरेत लांबी, म्हणजे काचेला लावतात ती पुट्टी, भरली, घासली आणि वरून निळा रंग मारला. होडी टीव्हीवरच तर ठेवायची होती. पुढच्या रविवारी नानांनी विचारलं, "बदलली?" मी म्हणालो, "बदलली." त्यांनी तळावरून हात फिरवला. लांबी चांगली घासलेली होती. "बेस," ते म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो असतो का?

श्रावणात घरात वाद पेटला. दीर-भावकीचं म्हणणं — दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, दिवस करून मोकळे होऊ. जागृती ऐकेना. नाना मधल्यामध्ये. शेवटी त्यांनी आपल्या मनानेच एक ठरवलं. ही काही गावची रीत नव्हे, हा त्यांचा स्वतःचा कौल. नारळी पुनवेला, नारळ वाहून झाल्यावर, नितेशच्या नावाची ही होडी ओहोटीत सोडायची. खाडीच्या तोंडापलीकडे तरंगत गेली तर पोरगा हाय, वाट बघायची. इथेच बुडाली तर गेला. कुणी काही बोलायचं नाही. जागृतीही तयार झाली. म्हणाली, "काकांची होडी नाय बुडायची."

तेव्हा मी ओटीवरच होतो. माझ्या मांडीवर होडी होती.

तेव्हा का नाही बोललो? सोसायटीच्या ग्रुपवर मी होडीचे फोटो टाकले होते, लोकांनी वा वा केली होती — हे कारण. इतकं क्षुद्र. आणि नानांना 'बदलली' म्हणून सांगितलं होतं, तेही. वाटलं, तेवढं अंतर जाईल. तेवढंच तर जायचंय.

आदल्या दिवशी मी होडी घरी टबात सोडून पाहिली. हो — पाहिली. थोडा वेळ तरंगली, मग लांबी भिजून फुगली आणि आत पाणी दिसू लागलं. आयुष्यभर गळत्या शोधलेला माणूस मी, मला काय होणार ते कळत नव्हतं? फळी बदलायला आता वेळ नव्हता, पण जाऊन खरं सांगायला अख्खी दुपार होती. मी होडी उन्हात वाळवली आणि रंगाचा आणखी एक हात दिला.

बंदरावर बोटींना पताका होत्या, बेंजो वाजत होता, बाया नटून आल्या होत्या. आमची माणसं बाजूला, खाडीच्या कडेला उभी राहिली. नाना गुडघाभर पाण्यात शिरले आणि होडी सोडली. ती सरळ निघाली. इतकी डौलात निघाली की क्षणभर मलाच अभिमान वाटला — त्या क्षणी, अभिमान! मग नाळ, होडीचं पुढचं टोक, खाली झुकली. जागृतीने माझा दंड धरला होता. तिच्या बांगड्या मला रुतत होत्या. खाडीचं तोंड अजून लांब होतं आणि होडी हळूहळू, काही गडबड नसल्यासारखी, खाली गेली. नाना पाठमोरेच उभे होते.

जागृती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, होडीत काय खोट नव्हती ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नानाही वळले.

मी म्हणालो, "नाही."

हा तो शब्द. बाकी सगळं तुम्ही विसरलात तरी चालेल. त्यानंतर पुतळा झाला, अग्नी झाला. तिच्या बांगड्या उतरवल्या तेव्हा मी अंगणात उभा होतो आणि आवाज ऐकला. नाना ओटीवर बसायचे, पण आता पाठ खाडीकडे करून.

तेव्हापासून मी पुष्कळ होड्या केल्या. फळी चुकून चिरली तर लगेच काढतो, वात ठासतो. प्रत्येक होडी टबात सोडून स्टुलावर बसून राहतो. एकही बुडत नाही. तासन् तास तरंगतात, आणि मी आत पाणी कधी दिसतंय याची वाट बघतो. बायको बाहेरून विचारते, "अहो, काय करताय आत?" काय सांगू?

या उन्हाळ्यात नाना गेले. मी बाजारात जागृतीला भेटलो. तिने माझ्यासाठी पापलेट बाजूला काढून ठेवलं होतं, नेहमी ठेवते. मासा कापता कापता म्हणाली, "सासरे तुमची आठवण काढायचे. काकांच्या होडीनं खरं काय ते सांगितलं, नायतर मी मरंस्तोवर बंदरावर बसलो असतो, बोलायचे." तिने पिशवी माझ्या हातात दिली. मोकळं मनगट, त्यावर खवलं चिकटलेली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी मातर अजून बघते हो काका. अनोळखी नंबर आला की उचलते. येड्यागत. होडीनं सांगितल्यावर पण."

मी तिथे उभा होतो. गिऱ्हाईक नव्हतं, घाईही नव्हती. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "येतो."

जागृती, तळाची फळी फुटलेली होती. मला माहीत होतं.