खालचे चार दात

"खालचे समोरचे चारही दात हलताहेत, मावशी," जळगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाई एक्स-रे दाखवत म्हणाल्या. "पेरिओडॉन्टायटिस आहे." म्हणजे हिरडीचा आणि तिच्या आतल्या हाडाचा आजार. दात धडधाकट, पण त्यांना धरून ठेवणारं हाडच झिजत चाललेलं. तीन महिने उपचार करू, तरी हलणं थांबलं नाही तर काढावे लागतील, असं त्यांनी सांगितलं.

अमळनेरजवळच्या आमच्या गावात हळदीची गाणी म्हणायला मलाच बोलावतात. समोरचे दात गेल्यावर तोंडातून शब्द निघणार की नुसता वारा? मला तीच काळजी लागली. गर्व म्हणा हवं तर.

चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी ब्रश करताना रक्त दिसलं, म्हणून मी शहाणीने ब्रशच सोडला आणि दिवसातून चार-पाचदा मिशरी लावायला लागले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांवर घासायची. रक्त यायचं थांबलं, मी खूश.

"आजार थांबला नव्हता, झाकला गेला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून रक्त दिसत नाही." मधुमेहात हा आजार बळावतो म्हणून रक्तातली साखरही तपासली. ती बरी निघाली.

पहिल्या दिवशी स्केलिंग झालं, म्हणजे दातांवर जमलेला दगडासारखा थर मशीनने काढला. पुढच्या दोन खेपांना भूल देऊन हिरडीच्या आतली मुळं साफ केली. घरी येऊन जीभ फिरवते तर दातांमध्ये फटी! थोरल्या जाऊबाई लगेच म्हणाल्या, "सांगेल व्हतं ना तुले, साफ करं का दात ढिला व्हतस." घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन केला. फटी आधीपासूनच होत्या, त्या थराने बुजलेल्या होत्या, असं कळलं.

सगळ्यात अवघड गेलं मिशरी सोडणं. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, घरात सगळ्यांवर खेकसत होते. नवव्या दिवशी पुतण्याच्या हळदीत एक चिमूट लावलीच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. "आजपासून पुन्हा पहिला दिवस धरा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून बोट लावलेलं नाही.

तुमच्याही हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रश सोडू नका. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासा, फटींसाठी छोटा ब्रश मिळतो तो वापरा, आणि मुख्य म्हणजे दाखवून या.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी एकेक दात दाबून पाहिला. "तीन घट्ट झालेत. चौथा जरासा हलतोय, पण काढायची गरज नाही. गेलेलं हाड परत येत नाही, आहे ते सांभाळा." मला त्या खुर्चीतच रडू आलं.

सोबतीला जाऊबाई आल्या होत्या. त्यांना म्हटलं, आलाच आहात तर तुम्हीही दाखवून घ्या.

"मना दात दुखत नही, मी कसाले दखाडू?"

"अक्का, मना बी दुखत नव्हतात."

जाऊबाईंनी पदराने ओठ पुसले आणि त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.